चार नंबरची विहीर

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज रुजू झाले. अंबाजोगाईची मिनल आता भोसरीची झाली, आणि भोसरीला त्याचं काहीच वाटलेलं नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली लेथमशीनचं वर्कशॉप, समोर वडापावची गाडी, खिडकीतून बसस्टॉप दिसतो. लेथ सकाळी सातला सुरू होतं, म्हणजे गजर लावायचं काम वाचलं. घरमालकीणबाईंनी विचारलं की कंपनीत नक्की काय करणार. मी म्हटलं, कचऱ्यानं नासलेली माती आणि पाणी तपासायचं, मग साफ करायचं. त्या म्हणाल्या, मग इंद्रायणीपासूनच सुरुवात कर. बाई मला आवडल्या.

प्रयोगशाळा खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पांढरा कोट मिळाला, खिशावर माझं नाव शिवलेलं. एमएस्सीला दुसरी आले होते, ही गोष्ट कोणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही. पहिली आलेली मुलगी सध्या जर्मनीत आहे, हे मात्र डोक्यात येऊन गेलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ड्रायव्हर मारुतरावांच्या जीपमधून साइटवर गेले. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. तेवढ्यात मारुतरावांनी मला या भागातल्या सगळ्या कंपन्यांच्या कॅन्टीनची इत्थंभूत माहिती दिली.

साइट म्हणजे बंद पडलेल्या एका प्लेटिंग कारखान्यामागचं रान. इथे लोखंडी वस्तूंना क्रोमचा मुलामा द्यायचे आणि उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचे. कारखाना गेला, मालक गेला, क्रोम जमिनीत राहिलं. पाणी पिवळं झालं. उताराला टेपवस्ती आहे, चाळीस घरं, त्यांना चार वर्षं टँकर येतोय. आमची कंपनी बोअरमधून जमिनीत हिराकसाचं, म्हणजे लोहाच्या क्षाराचं, पाणी सोडते. त्यानं विषारी क्रोम निवतं आणि मातीला धरून बसतं. ते खरंच निवलं का, हे आठवड्यातून दोनदा मोजायचं.

मोजायच्या जागा सहा. पाच बोअर आणि चार नंबरला वस्तीची जुनी दगडी विहीर. प्रत्येक जागेला एकच माणूस, म्हणजे हात बदलला म्हणून आकडा बदलला असं व्हायला नको. शेडमध्ये बोर्ड आहे. त्यावर जागेचा नंबर, माणसाचं नाव, आकडा. मला दोन नंबरची बोअर मिळाली. नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की क्रोम असेल तितका जांभळा रंग चढतो. माझी बाटली वांग्यासारखी जांभळी झाली.

चार नंबर दिपालीताईंकडे आहे. तिशीच्या, काळेवाडीच्या, बोलणं मोजकं. त्यांच्या बाटलीत थेंब पडले आणि पाणी पाण्यासारखंच राहिलं. बोर्डावर शून्य लिहिलं. आमचे साइट इन्चार्ज उद्धवराव माझ्याकडे वळून म्हणाले की मॅडम, शिकायचं तर हिच्याकडून शिका.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चार आकडे झाले, चारही मेले. माझी बोअर विहिरीपासून जेमतेम साठ पावलांवर आहे. जमीन एक, हिराकस एक, पाणी एक. तिकडे शून्य आणि माझ्याकडे तीनच्या खाली यायचं नाव नाही. उद्धवराव म्हणतात, दिपालीचा हात लागला की पाणी ऐकतं. पाणी ऐकतं म्हणे. मग मी काय त्याला शिव्या देते का.

वस्तीतल्या बायका त्यांना डब्यात भाकरी-पिठलं आणून देतात. अंबूबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती तर त्यांना बघितलं की दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडते. माझी बोअर कोणाच्या दाराशी नाही, तेव्हा माझ्या वाट्याला मारुतरावांची चिक्की.

मला हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आज ताईंनी बाटली उजेडात धरली आणि माझ्या मनात आलं की ही फुटावी.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ताई जेवायला बसल्यावर मी विहिरीवर गेले. स्वतः दोर सोडला, नळी बुडवली, बाटली तीनदा त्याच पाण्यानं विसळून भरली आणि पिशवीत लपवली. भोसरीत सगळे गेल्यावर तपासली. माझी खात्री होती की ही बाई घरून बिसलेरी आणते.

शून्य आलं. पुन्हा केलं, पुन्हा शून्य. मला आनंद व्हायला हवा होता. वस्तीतल्या पोरांच्या हातापायांवर चट्टे आहेत, त्यांना स्वच्छ पाणी मिळणार आहे. मी बेसिनपाशी उभी राहून रडले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ताईंची नखं पिवळी झालीत. मी सहज विचारलं, हळद लागली की काय. त्यांनी हात ओढणीखाली घेतले आणि हसल्या. म्हणजे लग्न ठरलं असणार. तेही हिचंच. माझ्यासाठी आई दोन वर्षं स्थळं बघतेय, तिकडे काही हलत नाही.

बारीकही झाल्यात. पंजाबी ड्रेस अंगावर लोंबतो, गालाची हाडं वर आलीत. चेहरा चांगला दिसायला लागलाय, खरं तर. मी इथे आल्यापासून तीन किलो वाढले. त्या दिवसभर पाणी पितात, पाच-पाच बाटल्या. उद्या मीपण पाणी वाढवते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सापडलं. अखेर सापडलं.

शेडमध्ये ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. औषधाचे थेंब पडलेली पांढरी बशी समोर होती. त्यांनी कपाळ पुसलं आणि घामाचा एक थेंब बशीत पडला. तो जांभळा झाला. गडद, माझ्या बोअरच्या पाण्यापेक्षा गडद. त्यांनी झटकन बशी धुतली. माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे बाई हातमोजे घालत नाहीत, क्रोम अंगाला माखून हिंडतात, आणि अशा हातांनी वस्तीच्या विहिरीचे नमुने घेतात. हे मी उद्धवरावांना सांगणार. सांगणं माझं कर्तव्यच आहे. रात्री छान झोप लागेल असं वाटतंय.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज सगळ्यांसमोर झालं. टँकर आला होता, वस्तीच्या बायका हंडे घेऊन रांगेत होत्या. उद्धवरावांनी विहिरीच्या काठावर ताईंना हात दाखवायला सांगितले. नखं, बोटांची पेरं, सगळं पिवळं. एका बोटावर गोल जखम, तळ दिसत नाही अशी. उद्धवराव घाबरले. म्हणाले, ताबडतोब रजा घे, दवाखान्यात जा. मग त्यांनी विचारलं की चार नंबर आता कोणाकडे द्यायचा.

ताई घाईनं म्हणाल्या की कोणालाच देऊ नका, थोडं थांबा. मला बाजूला ओढून म्हणाल्या, तुझ्या बोअरचे आकडे मी खाली आणून देते, बोर्डावर नाव तुझंच राहील, पण ही मागू नकोस. मला हसू आलं. रजेवर जातानासुद्धा विहीर सुटत नाही हिच्याकडून.

मी मोठ्यानं म्हटलं, "सर, चार नंबर मला द्या. मी मागते."

अंबूबाईनं कमरेवरचा हंडा खाली ठेवला. रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. उद्धवराव म्हणाले, घे. मी तिथेच नमुना घेतला. शून्य. बोर्डावरचं तिचं नाव मी ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझं लिहिलं.

मंगळवार, १६ डिसेंबर

तीन आकडे, तिन्ही शून्य, तिन्ही माझे. उद्धवरावांनी पेढे आणले. म्हणाले, मिनलचा हात तर दिपालीपेक्षा भारी. हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. सलग शून्य राहिलं तर नऊ जानेवारीला विहीर वस्तीला परत द्यायची, टँकर बंद. पूजा होणार, पाहुणे येणार, आणि पहिला नमुना सगळ्यांसमोर मी घेणार.

पेढा मात्र लोखंडासारखा लागला. चहापण. बहुतेक सर्दी होतेय.

एक नवल म्हणजे माझी जुनी बोअर जशीच्या तशी पिवळी आहे. फक्त विहीर निवळते. हिशेब लागत नाही, पण आता लावायचा तरी कशाला.

शुक्रवार, १९ डिसेंबर

तहान. सकाळपासून सात बाटल्या. सर्दी नाही, नाक आतून हुळहुळतं. रुमालाला रक्त लागलं.

शून्य आलं. मारुतराव म्हणाले की मॅडम, बारीक झालात. मला बरं वाटलं.

मंगळवार, २३ डिसेंबर

आंघोळीनंतर टॉवेल पिवळा. नखं साबणानं घासली, लिंबानं घासली. हातमोजे मी दुहेरी घालते. पाण्याला माझं बोटसुद्धा लागलेलं नाही.

संध्याकाळी प्रयोगशाळेत बशीत थुंकले आणि थेंब टाकले. जांभळं. चूक असेल म्हणून नवं औषध काढलं, बशी धुतली, पुन्हा केलं. मग डोळ्यातलं पाणी घेतलं — तेही जांभळं. असं होऊच शकत नाही. पोटात गेलेलं हे क्रोम शरीर लगेच बदलून टाकतं, ते थुंकीत आणि डोळ्यात असं येत नाही, हे मी परीक्षेत लिहिलंय आणि मार्क मिळालेत.

आकडा काढला. विहिरीत जितकं असायला हवं आणि नाही, जवळपास तितकंच.

शुक्रवार, २६ डिसेंबर

अंबूबाईच्या घरी गेले. तिनं मला आत घेतलं नाही, ओट्यावर बसवलं. नाव न विचारता सांगत राहिली.

विहिरीचा गाळ दर उन्हाळ्यात काढायचे. पण त्याआधी वस्तीतल्या कुणीतरी चार माणसांसमोर विहीर मागून घ्यायची. कुणाला नेमायचं नाही, ज्याला वाटेल त्यानं स्वतःच्या तोंडानं मागायची. मग पाण्यातली घाण पाण्यात राहत नसे, मागणाऱ्याकडे जात असे. "तवा नुसता चिखल व्हता बाई. दोन दिस ताप यायचा, उतरायचा. आता त्यात काय हाय ते तुमालाच ठावं." दिपालीनं नोकरीला लागल्यावर सगळ्यांसमोर सहज म्हटलं होतं की विहीर मी घेते. महिन्याभरात तिला कळलं. अंबूबाईनंच सांगितलं. तरी तिनं सोडली नाही, कारण पोरांचे चट्टे.

मी विचारलं की सुटका कशी होते. दुसऱ्या कुणी मागितली की सुटते. पळून गेलं तर सुटत नाही, मागोमाग येते. आणि एकदा सुटलेल्यानं परत मागितली तर? "ती मग मरस्तवर, दुसऱ्या कुणी मागितली तरी सुटत न्हाई. आन ज्याच्याकडं हाय त्यानंच दुसऱ्यांदा मागितली, तरी तेच."

येताना मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला, तर याचा की दिपालीला माहीत होतं आणि तरी तिनं केलं. माझ्याच्यानं ते झालं नसतं. इथेही तीच पहिली.

मंगळवार, ३० डिसेंबर

डॉक्टर म्हणतात किडनी. नाकातल्या पडद्याला भोक आहे, तिथून वारा शिट्टी वाजवल्यासारखा जातो. भोसरीतच खोलीत पडून होते. साइटवर गेले नाही, नमुना उद्धवरावांनी घेतला. फोन आला — शून्य. मी नसले तरी शून्य.

संध्याकाळी ताई आल्या. हातात मोसंबी. गाल भरलेत, नखं गुलाबी, केस धुतलेले. त्या माझ्या उशाशी बसल्या आणि मी त्यांचे हात बघत राहिले. काय सुंदर हात. माझे लपवले.

म्हणाल्या, नऊ तारखेला सगळ्यांसमोर मी मागते. तू फक्त गप्प राहा. मी म्हटलं, तुम्हाला अंबूबाईनं सांगितलंय ना, दुसऱ्यांदा — त्या म्हणाल्या, सांगितलंय. घरी आई-वडील आहेत, त्यांना भाऊ बघेल. तू पोरवयाची आहेस. चूक माझी, मी तुला तेव्हा नीट सांगायला हवं होतं.

मोसंबी सोलून दिली. मला लोखंड लागलं.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

गप्प राहायचं. एवढंच. एक दिवस तोंड मिटून ठेवलं की मी जगते.

आईला फोन केला. बरी आहे म्हटलं. स्थळ आलंय म्हणाली, लातूरचं, मुलगा शिक्षक. फोटो पाठवते म्हणाली.

मंगळवार, ६ जानेवारी

शून्य. दोर ओढताना बोटाचं कातडं दोराला चिकटून राहिलं.

उद्धवराव खूश आहेत. म्हणाले, दिपाली परत येतेय, चला, चार नंबर पुन्हा योग्य माणसाकडे जाईल. योग्य माणसाकडे. तू आजारी आहेस ना, म्हणाले, तू आराम कर, कार्यक्रमाला पहिला नमुना तिलाच घेऊ दे. तिनंच तर ही विहीर सुरू केली. कार्यक्रमाच्या पाटीवरही तिचं —

पाणी. नऊ बाटल्या झाल्या.

शुक्रवार, ९ जानेवारी, सकाळ

शेडमध्ये बसले आहे. बाहेर मंडप, स्पीकर. लोक. पत्र्याच्या फटीतून विहीर दिसते.

रात्री ठरवलं होतं. गप्प राहायचं. लातूर. आई. सगळं ठरवलं होतं.

बोर्ड इथेच आहे. कुणीतरी माझं नाव पुसलंय. अजून ओलं आहे. तिचं लिहिलंय, छान अक्षरात.

ती काठावर उभी आहे. मोतिया रंगाची साडी. अंबूबाई तिच्या पाया पडतेय — अंबूबाई, सत्तरीची, तिच्या पाया — बायका रडतायत. तिच्यासाठी. ती मरेल आणि हे तिला वर्षानुवर्षं रडतील. वस्तीतल्या पोरींना तिचं नाव ठेवतील. आणि मी लातूरला भाकऱ्या थापत ऐकेन की दिपालीसारखी —

लोक म्हणतील मी तिला वाचवलं. चूक. मला तिला वाचवायचं नाहीये. तिनं जगावं, म्हातारी व्हावं, आणि कुणी तिचं नावसुद्धा —

उद्धवराव माईकवर आलेत. विचारतायत, पहिला नमुना कोण घेणार, विहीर कोणाकडे. ती हात वर करतेय. श्वास घेतलाय तिनं, मला दिसतोय —

दार उघडते. आवाज निघेल, अजून निघतो. मी आधी. मी मागते, मी आ